तेजोमेघांच्या छायाचित्रांतील वर्णमिश्रण : एक चिकित्सा

सारांश

तेजोमेघांची जी रंगीत छायाचित्रे आज पाठ्यपुस्तकांत, दिनदर्शिकांवर व विज्ञान प्रदर्शनांत आढळतात, त्यांपैकी बहुसंख्य छायाचित्रे एका प्रकारच्या नोंदीतून तयार झालेली नसतात. विशिष्ट अणूंच्या प्रकाशाची अरुंद पट्ट्यातील नोंद आणि लाल, हिरवा, निळा या विस्तृत पट्ट्यांतील नोंद यांचे मिश्रण करून ती सिद्ध केली जातात. हे मिश्रण कसे केले जाते, त्यातून चित्राचा अर्थ कसा बदलतो आणि त्याचे मूल्यमापन कोणत्या निकषांवर करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी गरुड तेजोमेघ, अश्वशीर्ष तेजोमेघ आणि देवयानी दीर्घिकेलगतची ऑक्सिजनची कमान ही तीन उदाहरणे घेतली आहेत. मिश्रण हा दोष नसून मिश्रणाचे मौन हा दोष आहे, असा या लेखाचा निष्कर्ष आहे.

बीजसंज्ञा : तेजोमेघ, रेषानोंद, वर्णनोंद, हायड्रोजन-अल्फा, सादृश्य, प्रमाण, वर्णिकाभंग.

१. प्रस्तावना

पदवी वर्गाला वर्णपटविज्ञान शिकवीत असताना प्रस्तुत लेखकाने काही वर्षांपूर्वी एका आकाशदर्शन कार्यक्रमासाठी मृग नक्षत्रातील अश्वशीर्ष तेजोमेघाचे एक मोठे छायाचित्र तयार केले होते. त्याखाली ‘तेजोमेघाचे मूळ रंग’ अशी ओळ लिहिली होती. त्याच रात्री विद्यार्थ्यांना दुर्बिणीतून मृगातील मोठा तेजोमेघ, म्हणजे एम ४२, दाखविण्यात आला. रांगेतील एका विद्यार्थिनीने दुर्बिणीवरून डोळा काढून विचारले, “सर, यात रंग कुठे आहेत?” तिला दिसला होता तो राखाडी, किंचित हिरवट असा एक धूसर डाग. लेखकाने तिला डोळ्याच्या मर्यादा समजावून सांगितल्या. परंतु छायाचित्राकडे परतल्यावर असे लक्षात आले की तिचा प्रश्न डोळ्याविषयी जितका होता, तितकाच त्या ओळीविषयीही होता. ‘मूळ रंग’ हे विधान खोटे होते. त्याहून खेदाची गोष्ट अशी की ते खोटे आहे हे ते लिहिणाऱ्याच्या ध्यानात आले नव्हते.

त्या चुकीची मीमांसा करणे हा या लेखाचा मूळ हेतू आहे. मराठीत खगोलशास्त्रावर विपुल लोकप्रिय लेखन झाले आहे. तथापि खगोलीय छायाचित्राकडे एक रचित कृती म्हणून पाहून तिची समीक्षा करण्याचे प्रयत्न तुलनेने कमी आहेत. छायाचित्र विज्ञानाचे की कलेचे, या प्रश्नाच्या ओझ्याखाली ‘ते कसे रचले आहे’ हा साधा प्रश्न बाजूला पडतो. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नापासून प्रारंभ केला आहे.

२. दोन नोंदींचे स्वरूप

विवेचनाच्या सोयीसाठी येथे दोन संज्ञा योजिल्या आहेत. लाल, हिरवा व निळा या फिल्टरांतून घेतलेल्या नोंदीला ‘वर्णनोंद’ म्हटले आहे. या प्रत्येक फिल्टरमधून साधारण १०० नॅनोमीटर रुंदीचा प्रकाश आत येतो. याउलट एखाद्या वर्णरेषेभोवतीचा ३ ते ७ नॅनोमीटर एवढाच प्रकाश घेणाऱ्या फिल्टरमधून केलेल्या नोंदीला ‘रेषानोंद’ म्हटले आहे.

रेषानोंदीसाठी मुख्यतः तीन रेषा वापरल्या जातात. हायड्रोजन-अल्फा ही रेषा ६५६.३ नॅनोमीटरवर, म्हणजे गडद लाल भागात येते. दोनदा आयनीभूत झालेल्या ऑक्सिजनची प्रमुख रेषा ५००.७ नॅनोमीटरवर, हिरव्या व निळ्या रंगांच्या सीमेवर येते. एकदा आयनीभूत झालेल्या गंधकाच्या रेषांची जोडी ६७१.६ व ६७३.१ नॅनोमीटरवर, म्हणजे पुन्हा लाल भागातच आढळते. याचा अर्थ असा की हायड्रोजन व गंधक यांचा प्रकाश डोळ्याला पुरेसा दिसला असता, तर तो दोन्ही वेळा लालच दिसला असता.

ताऱ्याचा प्रकाश अखंड वर्णपटाचा असतो. धुळीवरून विखुरलेला, परावर्तन तेजोमेघाचा प्रकाशही तसाच असतो. उत्सर्जन तेजोमेघाचा प्रकाश मात्र मुख्यतः मोजक्या रेषांत एकवटलेला असतो. वर्णनोंद या सर्वांना एकत्र टिपते. रेषानोंद तेजोमेघाला वेगळे काढते. शहरी उजेड, चंद्रप्रकाश यांनी उजळलेल्या आकाशाचा बहुतांश भाग अरुंद फिल्टर अडवितो, हा तिचा व्यावहारिक लाभ आहे. पूर्वीच्या सोडियम दिव्यांचा प्रकाश ५८९ नॅनोमीटरच्या आसपास एकवटलेला असल्याने तो वगळणे तुलनेने सोपे होते. एलईडी दिव्यांचा प्रकाश वर्णपटभर पसरलेला असल्याने वर्णनोंदीची अडचण वाढली आहे. महाराष्ट्रातील हौशी निरीक्षकाच्या बाबतीत यात पावसाळ्याची भर पडते. धनू व सर्प या तारकासमूहांतील तेजोमेघ संध्याकाळी सोयीच्या उंचीवर येतात तेव्हा आपल्याकडे आकाश ढगाळलेले असते. ते टिपायचे तर मार्च ते मे या महिन्यांत उत्तररात्री जागावे लागते. हाती आलेल्या थोड्या रात्री वाया जाऊ नयेत म्हणून रेषानोंदीचा आश्रय घेतला जातो, हे समजण्यासारखे आहे.

परंतु केवळ रेषानोंदीने चित्र पूर्ण होत नाही. तिच्यात ताऱ्यांचे रंग येत नाहीत आणि परावर्तन तेजोमेघ जवळजवळ नाहीसे होतात. म्हणून दोन्ही नोंदी एकत्र आणण्याची गरज निर्माण होते.

३. ऐतिहासिक पार्श्वभूमी

या मिश्रणाची मुळे छायाचित्रणापेक्षा वर्णपटाच्या अभ्यासात अधिक आहेत. १८६४ मध्ये विल्यम हगिन्स यांनी कालेय तारकासमूहातील एनजीसी ६५४३ या तेजोमेघाचा वर्णपट पाहिला, तेव्हा त्यांना अखंड पट्ट्याऐवजी सुट्या तेजस्वी रेषा आढळल्या. तेजोमेघ हा दुरून एकजीव दिसणारा ताऱ्यांचा समूह नसून तो वायू असू शकतो, याचा तो निर्णायक पुरावा ठरला. त्यांतील हिरवट रेषा कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळत नसल्याने ‘नेब्युलियम’ या नव्या मूलद्रव्याची कल्पना पुढे आली. १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी ती रेषा अतिविरळ अवस्थेतील आयनीभूत ऑक्सिजनची असल्याचे दाखवून दिले. आजचा खगोलछायाचित्रकार जिला ‘ओ-थ्री’ म्हणतो, ती हीच रेषा होय. म्हणजे रेषानोंद ही रंग खुलविण्याची युक्ती म्हणून जन्माला आलेली नाही. ‘हे कशाचे बनले आहे’ या प्रश्नाचे ते उत्तर आहे.

हेन्री ड्रेपर यांनी १८८० मध्ये एम ४२ चे पहिले छायाचित्र घेतले, ते अर्थातच कृष्णधवल होते. तीन फिल्टरांतून तीन कृष्णधवल प्रतिमा घेऊन रंग सिद्ध करण्याचे तत्त्व मात्र त्याआधीच, १८६१ मध्ये, जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी एका चौकड्याच्या फितीच्या छायाचित्राद्वारे दाखविले होते. त्या काळातील रसायने लाल प्रकाशाला जवळजवळ प्रतिसाद देत नव्हती. मग लाल फिल्टरमधून प्रतिमा उमटली कशी? १९६१ मध्ये कोडॅकच्या संशोधकांनी याचा उलगडा केला. फितीतील लाल भाग अतिनील किरणही परावर्तित करीत होता आणि लाल म्हणून नोंदले गेले ते प्रत्यक्षात ते अतिनील किरण होते. तात्पर्य, रंगीत छायाचित्रणाच्या पहिल्याच उदाहरणात डोळ्याला न दिसणाऱ्या पट्ट्यातील नोंद लाल रंगाच्या जागी बसलेली होती. ‘शुद्ध’ छायाचित्र आणि ‘मिश्र’ छायाचित्र अशी विभागणी इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

४. मूल्यमापनाचे निकष

मग निकष कोणता घ्यावा? ‘डोळ्याला दिसते तसे’ हा निकष येथे निरुपयोगी आहे. अंधाराला सरावलेल्या डोळ्याची संवेदनक्षमता ५०७ नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असते आणि ६५६ नॅनोमीटरजवळ ती अत्यल्प होते. म्हणूनच एम ४२ हिरवट-राखाडी दिसतो आणि त्याचा लाल प्रकाश अस्तित्वात असूनही आपल्याला जाणवत नाही. येथे डोळा हा साक्षीदार खरा, पण अपुरा आहे.

या संदर्भात भारतीय चित्रविचारातील षडंगांचा आधार घेता येईल. वात्स्यायनाच्या कामसूत्रावरील ‘जयमंगला’ या टीकेत यशोधराने चित्राची जी सहा अंगे सांगितली आहेत, त्यांपैकी प्रमाण, सादृश्य व वर्णिकाभंग ही तीन अंगे प्रस्तुत विषयाला थेट लागू पडतात. त्यांचा येथे योजिलेला अर्थ असा : सादृश्य म्हणजे चित्रातील रूपाचा मूळ वस्तूशी असलेला मागोवा घेता येण्याजोगा संबंध, प्रमाण म्हणजे चित्रातील अंशांचे परस्परांशी असलेले नाते, आणि वर्णिकाभंग म्हणजे रंगांची निवड, मिसळण व वाटणी. पारंपरिक विवेचनात ही अंगे चित्रकाराच्या कौशल्याची आहेत. येथे ती चित्राच्या प्रामाणिकपणाची अंगे म्हणून वाचली आहेत, हा अर्थविस्तार लेखकाचा आहे.

यांतील ‘प्रमाण’ हे अंग एका साध्या गणिताने स्पष्ट होईल. लाल फिल्टरची रुंदी १०० नॅनोमीटर आणि हायड्रोजन-अल्फा फिल्टरची ७ नॅनोमीटर आहे, दोहोंची पारदर्शकता व एक्सपोजर समान आहे, असे मानू. एका पिक्सेलवर तेजोमेघाच्या रेषेचा प्रकाश २० एकके आणि अखंड वर्णपटाचा प्रकाश दर नॅनोमीटरला १ एकक असेल, तर लाल फिल्टर १२० एकके नोंदवील व अरुंद फिल्टर २७. पहिल्या नोंदीत तेजोमेघाचा वाटा एकषष्ठांश आहे, तर दुसऱ्या नोंदीत तो जवळजवळ तीनचतुर्थांश. आता अरुंद नोंदीला १०० ने गुणून त्यातून लाल नोंदीची ७ पट वजा करावी आणि येणाऱ्या संख्येला ९३ ने भागावे. २७०० उणे ८४०, म्हणजे १८६०, भागाकार २०. शुद्ध रेषेचा प्रकाश नेमका हाती आला. हेच गणित निव्वळ ताऱ्याच्या पिक्सेलवर केले, तर उत्तर शून्य येते, कारण ताऱ्याच्या प्रकाशात रेषेची अशी भर नसते.

ही शुद्ध रेषा हवी त्या पटीने वाढवून लाल नोंदीत मिळविली, तर तारे आपल्या रंगांत अबाधित राहतात, तेजोमेघ उजळतो आणि किती पटीने उजळला हे सांगता येते. याउलट, दोन्ही प्रतिमा आधी स्वतंत्रपणे ताणून प्रत्येक पिक्सेलवर जी अधिक उजळ असेल ती ठेवायची, ही प्रचलित पद्धत झटपट व आकर्षक फळ देते. परंतु त्यात कोणत्या पिक्सेलवर कोणत्या नोंदीचे राज्य आहे हे निर्मात्यालाही सांगता येत नाही. पहिल्या पद्धतीत प्रमाण बदलते, पण ज्ञात राहते. दुसरीत ते हरवते.

आणखी एक बारकावा येथे नोंदविला पाहिजे. ज्या हायड्रोजनमधून अल्फा रेषा निघते, त्यातूनच ४८६.१ नॅनोमीटरची निळी बीटा रेषाही निघते. १०,००० केल्विन तापमानाच्या नमुनेदार तेजोमेघात अल्फा व बीटा यांचे सैद्धांतिक गुणोत्तर सुमारे २.८६ असते. मार्गातील धूळ निळा प्रकाश अधिक शोषत असल्याने प्रत्यक्षात बीटाचा वाटा आणखी घटतो. तेव्हा अल्फाची भर केवळ लाल रंगात घालणे म्हणजे हायड्रोजनचे अर्धेच म्हणणे ऐकणे होय. अल्फाच्या सुमारे ३५ टक्क्यांहून काहीसा कमी अंश निळ्या रंगातही मिळविला, तर तेजोमेघाचा रंग रक्तासारखा लाल न राहता गुलाबीकडे झुकतो. येथे वर्णिकाभंगाचा निर्णय भौतिकशास्त्र देते, अभिरुची नव्हे.

५. तीन उदाहरणांची चिकित्सा

(अ) गरुड तेजोमेघ

हबल दुर्बिणीने १ एप्रिल १९९५ रोजी टिपलेले गरुड तेजोमेघातील स्तंभांचे छायाचित्र जेफ हेस्टर व पॉल स्कोवेन यांनी सिद्ध केले. त्यात गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिला आहे. ही वाटणी पुढे ‘हबल पॅलेट’ म्हणून रूढ झाली. ती खोटी आहे असे सहजपणे म्हटले जाते. परंतु बारकाईने पाहता तीत एक शिस्त आढळते : सर्वांत लांब तरंगलांबीला लाल, मधलीला हिरवा, सर्वांत आखूड तरंगलांबीला निळा. रंगांचा क्रम पाळला आहे, अंतरे मात्र ताणली आहेत. हायड्रोजन व गंधक ही दोन लाल भावंडे वेगळी ओळखू यावीत, हा त्यामागील हेतू आहे. स्तंभांच्या कडांवर, जेथे आयनीभवनाची सीमा आहे, तेथे गंधक उठून दिसते. ही माहिती वर्णनोंदीत दोन्ही लाल एकजीव झाल्याने लुप्त झाली असती.

या चित्रात वर्णनोंदीचे मिश्रण नाही. त्यामुळे त्यातील तारे किरमिजी छटेचे दिसतात. हायड्रोजनची नोंद मुळातच बलवान असल्याने तिच्या तुलनेत गंधक व ऑक्सिजन अधिक ताणले जातात. ताऱ्यांत हिरवा कमी पडतो आणि लाल-निळा उरतो. हे तारे विचित्र दिसतात हे खरे. पण त्यांचे विचित्र असणेच प्रेक्षकाला बजावते की या चित्राचे रंग सांकेतिक आहेत. या मुद्द्याकडे पुढे पुन्हा यावयाचे आहे.

कलासमीक्षक एलिझाबेथ केसलर यांनी २०१२ मधील ‘पिक्चरिंग द कॉसमॉस’ या ग्रंथात हबलच्या चित्रांचे नाते थॉमस मोरान व आल्बर्ट बिअरस्टॅट यांच्या अमेरिकी पश्चिमेच्या निसर्गचित्रांशी जोडले आहे. हे विवेचन मूलगामी आहे. अवकाशात वर-खाली नसताना स्तंभ ‘उभे’ ठेवणे हा निर्णय निसर्गचित्राच्या परंपरेतून येतो. परंतु केवळ भव्यतेच्या अंगाने विचार केल्यास या चित्राचे एक बलस्थान निसटते. २०१४ मध्ये हबलने नव्या कॅमेऱ्याने हेच दृश्य पुन्हा टिपले व जानेवारी २०१५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. दोन्ही वेळी त्याच रेषांच्या नोंदी स्वतंत्रपणे उपलब्ध असल्याने दोन चित्रांची तुलना करून एका स्तंभाजवळील वायूचा झोत लांबल्याचे दाखविता आले. चित्र दिनदर्शिकेवर गेले तरी त्याची रेषा प्रयोगशाळेत परत येऊ शकली. सादृश्य म्हणतात ते हेच.

(आ) अश्वशीर्ष तेजोमेघ

हा तेजोमेघ १८८८ मध्ये हार्वर्डच्या एका छायाचित्रपट्टिकेवर विल्यमिना फ्लेमिंग यांना आढळला. मृगाच्या पोटातील बाणाचे जे तीन तारे आपण ओळखतो, त्यांपैकी अल्निटाकच्या दक्षिणेस तो आहे. आयसी ४३४ या लाल उत्सर्जन तेजोमेघाच्या पार्श्वभूमीवर धुळीचा काळा मेघ घोड्याच्या मस्तकासारखा दिसतो. त्याच्या लगत एनजीसी २०२३ हा निळा परावर्तन तेजोमेघ आहे. म्हणजे एकाच चौकटीत तीन भिन्न प्रक्रिया आहेत : वायूचे स्वतःचे उत्सर्जन, धुळीचे शोषण आणि धुळीवरून विखुरणे.

प्रस्तावनेत उल्लेखिलेल्या चित्रात लेखकाने हायड्रोजन-अल्फाची नोंद संपूर्ण चित्राची तेजस्विता म्हणून वापरली होती आणि वर्णनोंदीतून केवळ रंग घेतला होता. आयसी ४३४ चे तंतू त्यामुळे कोरल्यासारखे स्पष्ट झाले. परंतु एनजीसी २०२३ विझला. तो अखंड वर्णपटाने चमकतो आणि ७ नॅनोमीटरच्या खिडकीतून त्याच्या प्रकाशाचा अल्पसा काप आत येतो. शिवाय ती खिडकी वर्णपटाच्या लाल टोकाला आहे, जेथे त्याचा प्रकाश मुळातच क्षीण आहे. निळा रंग चित्रात होता, पण त्याला उजेड देणारे कोणी नव्हते. इकडे लाल भागाला गरजेपेक्षा अधिक तेजस्विता मिळाल्याने तो फिकट, तांबूस-गुलाबी झाला. प्रेक्षकाने हे चित्र पाहून असा निष्कर्ष काढला असता की त्या प्रदेशात परावर्तक धूळ नगण्य आहे. चित्राने केलेले हे विधान चुकीचे होते आणि त्यावर ‘मूळ रंग’ अशी मोहोर होती.

पुढे तेच चित्र चौथ्या विभागात सांगितलेल्या पद्धतीने, शुद्ध रेषा वेगळी काढून व ती तीन पटींपर्यंत मर्यादित ठेवून, पुन्हा तयार केले. तंतूंची धार थोडी कमी झाली. निळा तेजोमेघ परत आला. पहिले चित्र अधिक प्रभावी होते, हे मान्य केले पाहिजे. मर्ढेकरांनी सौंदर्याच्या विवेचनात संवाद, विरोध व समतोल अशी लयतत्त्वे मांडली. त्या परिभाषेत सांगायचे तर पहिल्या चित्रात उजळ तंतू आणि काळी धूळ यांची एकच विरोधलय होती, म्हणून ते चटकन भिडत होते. दुसऱ्यात लाल व निळ्याचा समतोल होता. तो उमगायला वेळ लागतो. मात्र हा समतोल चित्रकाराने योजिलेला नव्हता, तो त्या प्रदेशाचाच होता.

(इ) देवयानीलगतची कमान

तिसरे उदाहरण मिश्रणाच्या बाजूने सर्वांत प्रबळ साक्ष देते. देवयानी दीर्घिकेचे छायाचित्र असंख्य वेळा घेतले गेले आहे. तीत नवे काही सापडेल अशी अपेक्षा नव्हती. २०२२ मध्ये मार्सेल ड्रेक्सलर, झेव्हियर स्ट्रॉटनर व यान सँटी या हौशी निरीक्षकांनी वर्णनोंदीसोबत ऑक्सिजनची रेषानोंदही घेतली. एकूण एक्सपोजर शंभर तासांहून अधिक होते. दीर्घिकेच्या आग्नेयेस एक विशाल, अतिमंद कमान उमटली. २०२३ मध्ये व्यावसायिक संशोधकांच्या सहकार्याने या शोधाची नोंद प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी त्या चित्राला ‘ॲस्ट्रॉनॉमी फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेचा सर्वोच्च सन्मान मिळाला. ही कमान देवयानीच्या परिसरातील की आपल्याच आकाशगंगेतील, यावर पुढे चर्चा झाली आणि २०२५ मधील एका अभ्यासात ती आपल्या आकाशगंगेतील, देवयानीच्या अलीकडची वस्तू असल्याचे प्रतिपादन झाले.

समीक्षेच्या दृष्टीने हा तपशील महत्त्वाचा आहे. मिश्रणाविना कमान दिसलीच नसती. परंतु मिश्रणानंतर ती दीर्घिकेशेजारी, जणू तिच्या तोडीच्या तेजाने, निळी तळपताना दिसते. ज्याला प्रमाण ठाऊक नाही तो प्रेक्षक दोन्ही वस्तू एका अंतरावर व एका तेजाच्या मानतो. शेजार हा चित्राचा गुण आहे, अंतराचा पुरावा नव्हे. शोधकर्त्यांनी वापरलेले फिल्टर व एक्सपोजर जाहीर केल्यामुळेच इतरांना ती कमान पुन्हा टिपता आली आणि तिच्या अंतराविषयी वाद घालता आला. मिश्रण ज्ञात असल्याने चित्र खंडनयोग्य झाले. विज्ञानात यासारखी दुसरी प्रतिष्ठा नाही.

६. ताऱ्यांचा प्रश्न

अलीकडे एक नवी रीत सार्वत्रिक झाली आहे. संगणकीय न्यूरल नेटवर्कच्या साहाय्याने तेजोमेघाच्या प्रतिमेतून तारे काढून टाकतात, तेजोमेघाला हबल पॅलेटचे रंग देतात आणि शेवटी वर्णनोंदीतील नैसर्गिक रंगांचे तारे त्यावर परत बसवितात. किरमिजी ताऱ्यांची अडचण यामुळे दूर होते आणि चित्र डोळ्यांना सुखावते.

लेखकाच्या मते सर्वाधिक सावधगिरी येथेच हवी. पहिले कारण तांत्रिक आहे. तारा काढल्यावर उरलेली जागा संगणक आसपासच्या आकारांवरून भरतो. ती नोंद नसून अनुमान असते. दुसरे कारण अर्थाचे आहे. या चित्रात दोन भाषा एकाच वाक्यात वापरल्या आहेत. ताऱ्याचा निळा रंग ‘मी तप्त आहे’ असे सांगतो. तेजोमेघाचा निळा रंग ‘मी ऑक्सिजन आहे’ असे सांगतो. पहिला गुणधर्म, दुसरा संकेत. एखाद्या जिल्ह्याच्या विमानातून घेतलेल्या छायाचित्रावर नकाशातील तालुक्यांचे रंग चढवावेत आणि शेतांचा हिरवा रंग मात्र तसाच ठेवावा, तसे हे आहे. नैसर्गिक ताऱ्यांच्या साक्षीने सांकेतिक तेजोमेघही नैसर्गिक वाटू लागतो. १९९५ च्या चित्रातील विचित्र तारे जो इशारा देत होते, तो या सुबक चित्रांनी पुसून टाकला आहे.

याचा अर्थ ही रीत त्याज्य आहे असा नव्हे. दोन भाषा वापरायला हरकत नाही. पण कोठे कोणती भाषा चालू आहे हे सांगणे निर्मात्याचे कर्तव्य ठरते.

७. एका आक्षेपाचा विचार

यावर असा आक्षेप घेतला जाईल की सर्वच रंग शेवटी रचलेले असतात. साध्या कॅमेऱ्यातही लाल-हिरव्या-निळ्या पिक्सेलांमधील रिकाम्या जागा गणितानेच भरल्या जातात, आणि २०२२ पासून प्रसिद्ध होत असलेली जेम्स वेब दुर्बिणीची बहुतांश चित्रे तर डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाची आहेत. मग हौशी छायाचित्रकाराकडूनच एवढी अपेक्षा का?

आक्षेपाचा पूर्वार्ध मान्य आहे. परंतु ‘सर्व रचलेले आहे’ यावरून ‘कसेही रचले तरी चालेल’ असे सिद्ध होत नाही. वेबच्या चित्रांसोबत कोणत्या फिल्टरला कोणता रंग दिला याची माहिती दिली जाते आणि मूळ नोंदी यथाकाल अभ्यासकांना खुल्या होतात. अनुवाद हा मूळ संहितेपासून वेगळा असतोच; पण अनुवाद असल्याचे न सांगणारा अनुवाद वेगळ्याच नावाने ओळखला जातो. दुर्गम गावातील शाळेच्या भिंतीवर लागलेल्या चित्राजवळ मूळ संहिता नसते. तेथे चित्राखालची ओळ हीच एकमेव संहिता असते.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) रेषानोंद व वर्णनोंद यांचे मिश्रण हे तेजोमेघाच्या छायाचित्रणातील वैध व अनेकदा अनिवार्य साधन आहे. देवयानीलगतच्या कमानीने ते शोधाचेही साधन असल्याचे दाखविले आहे.

२) मिश्रणाचा दर्जा ठरविताना ‘नैसर्गिक की कृत्रिम’ ही कसोटी अपुरी पडते. सादृश्य, प्रमाण व वर्णिकाभंग या तीन अंगांनी केलेली परीक्षा अधिक फलदायी ठरते.

३) शुद्ध रेषा वेगळी काढून ज्ञात पटीने मिळविणे हे, प्रतिमा ताणून अधिक उजळ ते निवडण्यापेक्षा, श्रेयस्कर आहे. हायड्रोजन-अल्फाला संपूर्ण चित्राची तेजस्विता बनविल्यास परावर्तन तेजोमेघांवर अन्याय होतो.

४) नैसर्गिक तारे व सांकेतिक तेजोमेघ यांचे एकत्रीकरण प्रेक्षकाची सर्वाधिक दिशाभूल करू शकते.

५) प्रत्येक चित्राखाली किमान चार गोष्टी असाव्यात : वापरलेले फिल्टर, प्रत्येकाचे एक्सपोजर, कोणत्या नोंदीला कोणता रंग दिला, आणि तारे वेगळे काढून परत बसविले आहेत काय.

शेवटी एक शैक्षणिक सूचना. आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात रंगीत चित्र आधी व दुर्बीण नंतर, हा क्रम उलट करावा. आता लेखक विद्यार्थ्यांना प्रथम दुर्बिणीतून एम ४२ दाखवितो. त्यानंतर त्याच तेजोमेघाच्या हायड्रोजन व ऑक्सिजनच्या दोन स्वतंत्र कृष्णधवल प्रतिमा, मग वर्णनोंद आणि सर्वांत शेवटी मिश्र चित्र. या क्रमात वेळ अधिक जातो आणि रांग लांबते. पण ‘रंग कुठे आहेत’ या प्रश्नाची जागा ‘हा रंग कोणाचा’ हा प्रश्न घेतो. अश्वशीर्षाचे जुने चित्र लेखकाने फेकून दिलेले नाही. ते नव्या चित्राच्या शेजारी लावले आहे आणि दोहोंच्या खाली त्यांची कृती लिहिली आहे. ‘मूळ रंग’ ही ओळ आता कोणत्याच चित्राखाली नाही.